आकाशाहून काळा ठिपका

"बाय, पयलं ह्ये लिहून घे. माझी पोर सही करनार नाय."

जिना चढून आलेल्या सगुणाबाईंनी बसायच्या आधीच सुनावलं. मनोरीहून पहिल्या बोटीने खाडी ओलांडून त्या आल्या होत्या आणि आवाज अजून मासळीबाजारातलाच होता. मागे त्यांची मुलगी नमिता छातीशी फाइल धरून उभी होती. सत्तावीस वर्षांची, ओठ घट्ट मिटलेले.

"लिहिलं," नलिनी गावस म्हणाली. "आता कशावर सही करायची नाही, ते सांगा."

चंद्रप्रकाश परब खालच्या आपल्या चष्म्याच्या दुकानाला 'दहा मिनिटांत येतो' अशी पाटी अडकवून पोटमाळ्यावर आला होता. एकतीस वर्षं ती पाटी हीच थाप मारत होती. दुकान त्याचं, आणि पोटमाळ्यावरचं खाजगी तपासाचं ऑफिस त्याच्या मावसबहिणीचं. दोघांचे वडील एकाच गिरणीत साचेवाले. संप लांबला, दोन्ही घरांतली माणसं कोकणात परतली, ही दोघं मात्र हटली नाहीत. तेव्हाच्या मालाडात संध्याकाळ झाली की बेडूक ओरडायचे. चंदू चष्म्याच्या काचा घासायला शिकला आणि नलू लग्नाळू मुलांच्या चौकश्या करू लागली. आता तिचे केस पांढरे झाले होते. नजर तेव्हाचीच होती.

नमिता बोलू लागली. "मी अंधेरीला खगोल संस्थेत पीएच.डी. करते. एका लघुग्रहाला, म्हणजे आकाशातल्या एका मोठ्या दगडाला, छोटासा चंद्र आहे हे मी शोधलं. संस्था म्हणते, तो मी कॉम्प्युटरवर रंगवला. आज चार वाजता तसं कबूल करणाऱ्या पत्रावर सही करायची आहे."

"केली तर?"

"चंद्र गेला आणि पीएच.डी.पण गेली. मी खोटारडी हे माझ्याच सहीने पक्कं झालं."

"आणि नाही केली तर?"

"काढून टाकतील. माझा शोध खोटा असल्याचं सोमवारी नोटीसबोर्डावर लावलंय. कॅन्टीनवाल्यानेसुद्धा वाचलं."

"काढू देत!" सगुणाबाई म्हणाल्या. "शिळी मासळी ताजी म्हनून मी कंदी इकली नाय. माझी पोर खोटा चंद्र कशाला इकेल?"

चंद्रप्रकाशला हसू आलं, पण नमिताचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. "चंद्र रंगवायचा म्हणजे कसा गं?"

"काका, दुर्बीण कितीही मोठी असली तरी वरची हवा थरथरते आणि चित्र अंधुक येतं. आम्ही परदेशातली एक दुर्बीण वापरतो, तिच्यात एक पातळ आरसा आहे. तो सेकंदाला शेकडो वेळा आकार बदलून हवेची थरथर मोडून काढतो. तरी थोडा अंधुकपणा उरतोच. तो नंतर कॉम्प्युटरवर काढावा लागतो."

"पण किती काढायचा, ते कसं कळतं?"

"शेजारच्या एकट्या ताऱ्याचा फोटो घेतो. तारा म्हणजे नुसता बिंदू दिसायला हवा. तो जेवढा आणि जसा पसरलेला दिसेल, तसंच त्या वेळी बाकीचंही पसरलंय. तो पसारा लघुग्रहाच्या चित्रातून काढून टाकायचा."

"अगं, हा तर नंबर काढायचा प्रकार!" चंद्रप्रकाश खुलला.

"आणि तारा चुकला तर?" नलिनीने विचारलं.

"मग सगळंच चुकलं. पण ताऱ्याकडे कोण बघतं? तो फक्त मापाला. सगळ्यांचे डोळे लघुग्रहावर."

पुढची हकिकत तिने थोडक्यात सांगितली. तीन रात्रींचे फोटो. तिन्ही स्पष्ट केल्यावर लघुग्रहाशेजारी एक ठिपका दिसला, दर रात्री वेगळ्या जागी, दगडाभोवती फिरत असल्यासारखा. दोन तारखेला तिने पहिला अहवाल लिहिला. तेरा तारखेला संस्थेच्या सेमिनारात सगळ्यांसमोर मांडणी केली. टाळ्या पडल्या. सोळा तारखेला डॉ. हर्षद यांनी संस्थेच्या सर्व्हरवरच्या त्याच फायली घेऊन तेच काम पुन्हा केलं, आणि तिन्ही चित्रांतला चंद्र नाहीसा झाला.

"ठिपका किती फिका होता?" नलिनीने विचारलं.

"दगडाच्या उजेडाचा साठावा भाग. पहिल्या अहवालात माझंच गणित चुकलं होतं. दगडाच्या कडेचा उजेड त्यात मिसळला होता. लाज वाटली. सेमिनारच्या आदल्या दिवशी आधीच्याच चित्रांवरून सुधारलं आणि सरळ तिथेच मांडलं."

"तुझ्याकडे मूळ फायलींची प्रत?"

"घरी न्यायची परवानगी नाही. दुर्बिणीवाल्यांकडे असते, मी पत्र पाठवलंय. उत्तराला तीन आठवडे लागतील. संस्थेत माझं लॉगिन बंद केलंय. हे एवढंच हातात दिलं." तिने फाइलमधून एक चकचकीत छापील चित्र काढलं. हर्षदने स्पष्ट केलेलं पहिल्या रात्रीचं चित्र. राखाडी आकाशात बटाट्यासारखा दगड, आणि शेजारी काही नाही.

चंद्रप्रकाशने सवयीने भिंग लावलं. दगडाच्या उजवीकडे सुईच्या टोकाएवढा काळा कण होता. त्याने खिशातलं मऊ फडकं काढलं आणि चित्र पुसायला घेतलं.

"अरे मेल्या, पुसू नकोस!" नलिनीने त्याचा हात धरला.

"धूळ आहे गं."

"पुसली गेली?"

गेली नव्हती. नलिनीने भिंग घेतलं आणि बराच वेळ बघत राहिली. "नमिता, तुझा चंद्र कुठे होता?"

"इथेच. बरोब्बर इथे."

नलिनीने चहाचा कप सरकवला आणि पायांत चपला अडकवल्या. "चंदू, तुझी दहा मिनिटं आज संध्याकाळपर्यंत चालतील. सगुणाबाई, तुम्ही बाजारात जा. आजची मासळी खराब करू नका."

"नाय. मी फाटकाशी बसनार. पोर भायेर येईपतूर."

*

डॉ. हर्षद लिफ्टजवळच भेटले. चाळिशीचे, घाईतले, मोबाइलवरून नजर न उचलणारे.

"डिटेक्टिव्ह? झकास. आता संस्थेत हेच बाकी होतं."

"आपण पुन्हा का करून पाहिलं?" नलिनीने विचारलं.

"कारण असले शोध रोज लागत नाहीत, बाई. दगडापेक्षा साठ पट फिका ठिपका! एका पोरीला दिसतो आणि जगात कुणाला दिसत नाही?"

"ही शंका तुमचीच?"

ते थबकले. "चेतना मॅडमचा फोन आला होता. तिच्या गाइड आहेत त्या. म्हणाल्या, बाहेर पाठवण्याआधी तू एकदा स्वतः करून बघ. मी केलं. हिची वाट लागली, त्याला मी काय करू?"

"हा काळा कण पाहिलात?" नलिनीने चित्र पुढे केलं.

"प्रिंटरचा डाग असेल." लिफ्टचं दार बंद झालं.

"हाच तो," चंद्रप्रकाश कुजबुजला. "तोंड बघ त्याचं."

"तोंडावरून शोधायला लागले असते, तर लग्नाच्या चौकश्यांत मी निम्म्या नवऱ्यांना तुरुंगात घातलं असतं."

सर्व्हरची खोली बर्फासारखी थंड होती. तिथला सुयोग मफलर गुंडाळून बसला होता. कोणती फाइल कुणी कधी बदलली, असं नलिनीने विचारताच त्याने कपाळावर हात मारला.

"काकू, तिथेच घोळ आहे ना यार! बारा तारखेला मी सगळं नव्या डिस्कवर हलवलं. सगळ्या फायलींवर तारीख बाराच. आधीचा हिशेब लागत नाही. साहेबांनी माझी पण घेतली त्यावरून."

"बारानंतर कुणी ताऱ्यांच्या फायलींना हात लावला?"

"नाही. ते दिसतं. हर्षद सरांनी फक्त उघडून वाचल्या."

"सेमिनारला होतास?"

"चहा-सामोसे होते, म्हणजे होतोच. मला कळलं तेवढं की साठ पट फिका काहीतरी आहे. नमिता खोटं करणारी नाही हो. आणि गंमत बघा, तिकडे चंद्र नाही म्हणायचं, आणि त्याच दगडासाठी लोक पुढच्या मोसमाची दुर्बीण मागतायत. कालच छापून दिलं मी, वीस पानं, एवढाली अक्षरं."

"चार वाजता मला त्या तीन ताऱ्यांच्या फायली मोठ्या पडद्यावर लागतील," नलिनी म्हणाली. "दाखवशील?"

"साहेब ओरडतील."

"ओरडू देत."

सुयोगने मफलर सोडून टेबलावर ठेवला. "दाखवतो."

चेतना मॅडमच्या खोलीत पडदे ओढलेले होते. पन्नाशी उलटलेल्या, काळा चष्मा घातलेल्या बाईंनी उठून नमिताच्या डोक्यावरून हात फिरवला. टेबलावर डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली आणि कागदांचा गठ्ठा. वरच्या पानावरचं अक्षर चंद्रप्रकाशला दारातूनही वाचता आलं असतं, इतकं मोठं छापलेलं.

"मोतीबिंदू?" त्याने आपुलकीने विचारलं.

"दहा तारखेला ऑपरेशन झालं. कालच रुजू झाले. वाचायला अजून त्रास होतो, म्हणून सगळं मोठं छापून घेते. सेमिनारही चुकला माझा." त्या नमिताकडे वळल्या. "बाळा, सही करून टाक. चाळीस पट फिका ठिपका तो. एवढ्या फिक्या गोष्टीत कुणाचीही चूक होते. मी तुला दुसरीकडे जागा मिळवून देईन, माझा शब्द."

"मी चूक केली नाही, मॅडम."

"हट्ट करू नये गं. आयुष्य मोठं असतं."

"म्हणूनच खोट्याने सुरू करायचं नाही मला."

बाहेर पडल्यावर चंद्रप्रकाशने उसासा सोडला. "भली बाई आहे. आणि दहा तारखेपासून डोळ्याला पट्टी बांधून घरात. हिला तरी वगळ."

नलिनी नमिताला विचारत होती, "मॅडमना तू सुधारलेला आकडा कळवलास?"

"ऑपरेशनला दोनच दिवस झाले होते. डोळ्यांना ताण नको म्हणून काहीच पाठवलं नाही. मग ही नोटीस लागली, आणि राहूनच गेलं."

*

चार वाजता समितीच्या खोलीत पाच खुर्च्या होत्या आणि माणसं सहा. चंद्रप्रकाश भिंतीला टेकून उभा राहिला. टेबलावर पत्र आणि पेन मांडलेलं होतं. समितीचे प्रमुख हर्षदच, शेजारी चेतना मॅडम.

"पाच मिनिटांचं काम आहे," ते म्हणाले. "सही."

"मग माझी पंधरा मिनिटं आधी होऊ देत," नलिनी म्हणाली. "सर, एक अडाणी प्रश्न. मोकळ्या आकाशापेक्षा काळं असं काही चित्रात असू शकतं?"

"नाही. आकाश म्हणजे सगळ्यात कमी उजेड. त्याखाली काय असणार?"

"मग हे काय?" तिने छापील चित्र त्यांच्यासमोर सरकवलं. "माझ्या भावाने याला धूळ समजून पुसलं. गेलं नाही. तुम्ही म्हणालात प्रिंटरचा डाग. पण डाग नेमका चंद्राच्याच जागी कसा पडला? नमिताने चंद्र नुसता रंगवला असता, तर तुमच्या चित्रात त्या जागी साधं आकाश दिसलं असतं. इथे खड्डा आहे. म्हणजे त्या जागेवरून काहीतरी काढून घेतलंय, आणि होतं त्यापेक्षा जास्त काढलंय."

हर्षदनी चित्र डोळ्यांजवळ नेलं. पहिल्यांदाच त्यांचा मोबाइल टेबलावर पालथा पडला.

"तुम्ही लबाडी केली नाहीत," नलिनी म्हणाली. "तुमचं काम चोख होतं. पण तुम्ही चित्रातून काढता काय? तारा जसा पसरलेला दिसतो, तो पसारा. आता समजा, ताऱ्याच्या शेजारीच कुणी एक फिका ठिपका बसवून ठेवला. तर कॉम्प्युटर काय समजेल?"

हर्षद सावकाश म्हणाले, "की ठिपका हा अंधुकपणाचाच भाग आहे. आणि दगडाशेजारचा तसाच ठिपकाही तो काढून टाकेल."

"सुयोग, पहिला तारा."

पडद्यावर पांढरा गोळा आला. शेजारी काहीच नव्हतं.

"काय नलू," भिंत सोडून चंद्रप्रकाश पुढे सरकला.

"यात फिकं काही असेल तर दिसतं का असं?" नलिनीने नमिताला विचारलं.

"नाही!" नमिता उठून उभी राहिली. "सुयोग, उजेड ताण. अजून. अजून."

गोळा फुगला, त्याच्याभोवतीचा अंधार राखाडी झाला. आणि उजवीकडे एक लहान, फिका गोळा वर आला. मोठ्या ताऱ्याचंच पिल्लू असावं तसा.

"असेल जोडतारा," चेतना मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तारा निवडण्यात हिची चूक."

"दुसऱ्या रात्रीचा लाव," नलिनी म्हणाली. "तारा तोच आहे."

लहान गोळा आता खाली होता. तिसऱ्या रात्री तो डावीकडे गेला.



"मॅडम, तुम्ही मला शिकवा," नलिनी म्हणाली. "जोडतारा तीन रात्रींत एवढा फिरतो? की आरशातला दोष असा फिरतो?"

"नाही फिरत," उत्तर हर्षदनी दिलं. "ही नमिताच्या चंद्राचीच तीन ठिकाणं आहेत."

"म्हणजे ज्या हाताने चंद्र पुसला, त्याला चंद्र कुठे होता हे तीनही रात्रींचं पक्कं ठाऊक होतं. त्या माणसाचा चंद्रावर इथल्या सगळ्यांपेक्षा जास्त विश्वास होता. आता हा हात कुणाचा? बारा तारखेनंतर या फायली कुणी बदलल्या नाहीत. बदल आधीचा. सेमिनार तेराला. त्याआधी चंद्राच्या जागा लिहिलेला अहवाल कुणाच्या हातात होता, नमिता?"

नमिताने मान वर केली नाही. "एकच प्रत होती. दोन तारखेची. मॅडमना दिली होती."

"काहीतरीच काय!" चेतना मॅडम हसल्या. "माझ्या खोलीत शिरून तो अहवाल कुणीही वाचला असेल. सुयोगकडे तर सगळ्या किल्ल्या."

"असेल. म्हणून मोजून बघू. त्या अहवालात चंद्र किती फिका लिहिला होतास?"

"चाळीस पट. ते माझं चुकलं होतं."

"सेमिनारात साठ सांगितलंस. हर्षद सर साठ म्हणाले. सुयोग सामोसे खाताना साठ ऐकून गेला. दुपारी आम्हाला चाळीस म्हणणारं माणूस एकच भेटलं, मॅडम. तुम्ही. कारण सेमिनारला तुम्ही नव्हता, आणि तुमच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून या पोरीने सुधारलेला आकडा पाठवलाच नाही. साठाव्या भागाचा चंद्र पुसायला चाळिसाव्या भागाचा ठिपका बसवला, तर जास्तीचं पुसलं जाणार आणि खड्डा पडणार. सर, मोजा."

हर्षद स्वतः सुयोगच्या खुर्चीत बसले. बोटं भराभर चालली. "ताऱ्याचंच चित्र फिकं करून शेजारी चिकटवलंय," ते म्हणाले. "प्रमाण..." ते थांबले. "एकास चाळीस. तिन्ही रात्री."

चंद्रप्रकाशने चेतना मॅडमकडे पाहिलं. दुपारी त्याला या बाईंची दया आली होती, याचा त्याला राग येत होता.

"आकड्यांवरून माणूस दोषी ठरत नाही," मॅडम म्हणाल्या. "मला काय मिळणार होतं यातून?"

"तो दगड," नलिनी म्हणाली. "तुमच्या टेबलावर मोठ्या अक्षरांतला अर्ज होता. मला चष्म्याशिवाय वाचता आला. चंद्र नाही असं जिच्याकडून लिहून घ्यायचं, तिच्याच दगडासाठी पुढच्या मोसमाच्या सहा रात्री दुर्बीण मागितलीत. रिकाम्या दगडासाठी कोण सहा रात्री मागतं? आज हिची सही झाली असती, तर दुर्बिणीवाल्यांच्या पत्राची कुणी वाटही पाहिली नसती. आणि वर्षभराने चंद्र पुन्हा सापडला असता. तुम्हाला."

काळ्या चष्म्यामागे काय चाललं होतं ते दिसत नव्हतं. मग चष्मा निघाला. डोळे लाल होते. "तीस वर्षं," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं मी आकाशाकडे बघत होते. आणि ही काल आलेली..."

"मला सांगायचं होतं ना, मॅडम," नमिता म्हणाली. "शोधनिबंधावर तुमचंही नाव होतं. मीच घातलं होतं."

चेतना मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. कागद गोळा करून त्या भिंतीच्या आधाराने बाहेर गेल्या.

हर्षद अजून पडद्यासमोरच होते. त्यांनी चिकटवलेला ठिपका ताऱ्यातून वजा केला आणि दगडाचं चित्र पुन्हा स्पष्ट करायला टाकलं. एकेक फेरीला दगडाची कड धारदार होत गेली. उजवीकडचा खड्डा भरला. मग तिथे काहीतरी उजळलं, इवलंसं, गोल.

"आहे," ते म्हणाले. "साठावा भाग."

सुयोगने शिट्टी मारली. चंद्रप्रकाशला वाटलं, आता पोरगी रडेल. ती रडली नाही.

हर्षदनी टेबलावरचं पत्र उचलून फाडलं. "झालं. संपलं. तुझं लॉगिन आत्ता सुरू होईल. मॅडमचं मी आतल्या आत बघतो. संस्थेचं नाव खराब व्हायला नको, काय?"

"मी आतल्या आत खोटारडी ठरले नव्हते, सर," नमिता म्हणाली. "बोर्डावर ठरले होते. काच लावून, कुलूप घालून."

"अगं, जरा समजून घे."

"तीन आठवड्यांनी पत्र येईल तेव्हा सगळं जगाला कळेलच. मला ते तुमच्या सहीने हवंय. आज. त्याच काचेत."

हर्षदनी मदतीसाठी नलिनीकडे पाहिलं. नलिनी खिडकीतून खाली बघत होती. फाटकाशी, वॉचमनच्या स्टुलावर सगुणाबाई बसल्या होत्या आणि वॉचमन उभा होता.

"हिची आई खाली आहे," नलिनी म्हणाली. "हवं तर त्यांना वर बोलावते. समजवा त्यांनाच."

हर्षदनी कीबोर्ड पुढे ओढला. नमिता त्यांच्या खांद्याशी जाऊन उभी राहिली आणि उमटणारं प्रत्येक अक्षर वाचू लागली.

"'काही गैरसमजामुळे,'" तिने मोठ्याने वाचलं. "हे खोडा, सर."

"मग काय लिहू?"

"झालं ते. फायलींत फेरफार करून माझा शोध पुसला. कुणी, तेही लिहा. आणि तुम्ही न तपासता नोटीस लावलीत, तेही."

हर्षदनी 'गैरसमज' पुसला आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं.